बारमाही शाळा : बचत कोणाची, भार कोणावर?

शाळेच्या इमारतीइतकी महाग आणि तिच्याइतकी रिकामी पडून राहणारी सार्वजनिक मालमत्ता दुसरी नसेल, ही अमेरिकन करदात्याची तक्रार शंभर वर्षांहून जुनी आहे. तक्रारीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. वर्षाचे दिवस ३६५, त्यांपैकी शाळा भरते सुमारे १८० दिवस; उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने तर वर्गांना सलग कुलूप. एखाद्या गिरणीमालकाने आपले माग निम्मे वर्ष असे बंद ठेवले असते तर भागधारकांनी त्याला जाब विचारला असता. (ही लांबलचक उन्हाळी सुट्टी शेतीच्या कामासाठी पडली, असा तेथे सार्वत्रिक समज आहे. तो फारसा खरा नाही. शेतकऱ्याला मुलांचे हात हवे असत ते वसंतातील पेरणीला आणि शरदातील सुगीला. भर उन्हाळ्यात गाव सोडून थंड हवेच्या ठिकाणी जाण्याची सवय होती ती शहरांतील सुखवस्तू वर्गाला.) इंडियाना राज्यातील ब्लफ्टन या गावाने १९०४ मध्येच वर्षभर शाळा चालवून पाहिली होती, पुढे नेवार्क आणि ॲलिक्विपा या औद्योगिक शहरांनीही ती वाट चोखाळली आणि कालांतराने सोडून दिली. प्राथमिक शाळांतील गर्दीवर उपाय म्हणून हीच कल्पना नव्या वेषात अवतरली ती १९६९ साली, मिसूरी राज्यातील सेंट चार्ल्स येथे. पाठोपाठ १९७० मध्ये इलिनॉयमधील रोमिओव्हिल येथे ती राबविण्यात आली.

योजनेचे गणित मोठे देखणे आहे. शाळेतील मुलांचे आणि शिक्षकांचे चार गट पाडावयाचे. प्रत्येक गटाने ४५ दिवस शाळेत यावयाचे आणि नंतर १५ शालेय दिवस, म्हणजे तीन आठवडे, सुट्टीवर जावयाचे. हे चक्र वर्षभर चालू ठेवावयाचे, मात्र गटांच्या सुट्ट्या अशा पुढेमागे बसवावयाच्या की कोणत्याही दिवशी तीन गट वर्गात आणि एक गट घरी असावा. ज्या इमारतीत ७५० मुले बसू शकतात तिच्या पटावर मग १,००० मुले घेता येतात. एक वीटही न रचता शाळा एक तृतीयांशाने मोठी होते. मुंबई-पुण्याच्या वाचकाला दोन पाळ्यांत भरणारी शाळा अपरिचित नाही. सकाळच्या मुलांनी दुपारच्या मुलांसाठी बाके मोकळी करावयाची, ही आपल्याकडील गर्दीवरची जुनी तोड आहे. तेथे दिवस वाटून घेतला जातो, येथे वर्ष वाटून घेतले जाते, एवढाच काय तो फरक. शाळेच्या एकूण दिवसांना कात्री लागत नाही, हा अमेरिकन पद्धतीचा निश्चितच मोठा गुण.

परंतु ज्या राज्यात या पद्धतीचा सर्वाधिक प्रसार झाला त्या कॅलिफोर्नियाचा इतिहास पाहिला, की वेळापत्रकाच्या मुळाशी शिक्षणशास्त्र नसून करशास्त्र होते, हे ध्यानात येते. जून १९७८ मध्ये त्या राज्याच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ या नावाने गाजलेली घटनादुरुस्ती संमत केली. मालमत्ता कर मूल्यांकनाच्या एका टक्क्यावर गोठविण्यात आला आणि मूल्यांकनाच्या वार्षिक वाढीवर दोन टक्क्यांची मर्यादा आली. शाळांच्या इमारती ज्या कर्जरोख्यांतून उभ्या राहत, त्यांची फेड याच करातून होत असे. ती वाट जवळपास बंद झाली. १९८६ मध्ये ती पुन्हा उघडली, पण दोन तृतीयांश मतांच्या अटीवर. ही अट ५५ टक्क्यांपर्यंत खाली यावयास २००० साल उजाडले. आणि नेमक्या याच काळात स्थलांतरितांच्या कुटुंबांमुळे दक्षिण कॅलिफोर्नियातील प्राथमिक शाळांचे पट फुगत होते. मुले येत होती आणि इमारती बांधावयास पैसा नव्हता. अशा कोंडीत सापडलेल्या शाळामंडळांना बारमाही वेळापत्रकाचा आधार वाटला यात नवल नाही. राज्यानेही अशा शाळांना खास अनुदाने देऊन त्यांना उत्तेजन दिले, आणि पुढे त्या एका राज्यात दहा लाखांहून अधिक मुले कोणत्या ना कोणत्या बारमाही वेळापत्रकावर शिकू लागली. आज घरे बाळगणाऱ्या पिढीने करात जे वाचविले, ते उद्याच्या पिढीच्या सुट्टीतून वसूल झाले, असे म्हटले तर कठोर वाटेल; पण ते असत्य ठरणार नाही.

भांडवली खर्च वाचतो, हे खरे. मात्र भांडवली खर्च वाचला की आवर्ती खर्च वाढतो, आणि अंदाजपत्रकात हे दोन आकडे वेगवेगळ्या पानांवर असल्यामुळे त्यांची बेरीज सहसा कोणी करीत नाही. वर्षभर मुलांची ने-आण करणाऱ्या बसगाड्या, वर्षभर कारकून आणि स्वयंपाकघर, भर जुलैत वातानुकूलन. इमारतीची रंगरंगोटी आणि दुरुस्ती पूर्वी उन्हाळ्यात होत असे, तिला आता मुहूर्तच सापडत नाही. मुख्याध्यापकाची शाळा कधीच मिटत नाही. नेवाडातील लास वेगासच्या शाळाखात्याने २००८ नंतरच्या मंदीत पैसा वाचविण्यासाठी आपल्या प्राथमिक शाळांतील बारमाही वेळापत्रक आवरते घेतले आणि मुलांची संख्या पुन्हा वाढू लागताच काही शाळांत ते परत आणले. जी व्यवस्था केवळ काटकसरीसाठी जन्माला आली ती काटकसरीसाठीच रद्द करावी लागावी, यातच तिच्या हिशेबातील गोम दिसून येते.

शिक्षकांचे हाल हा वेगळाच विषय आहे. सुट्टीवर गेलेल्या गटाचा वर्ग दुसऱ्या गटाला द्यावयाचा म्हणजे भिंतीवरचे तक्ते, गोष्टींची पुस्तके, मुलांच्या चित्रांच्या वह्या, सारे चाकांच्या कपाटात भरून कोपऱ्यात ढकलावयाचे आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्याच एखाद्या खोलीत पुन्हा मांडावयाचे. काही शिक्षकांना तर स्वतःची खोलीच नसते. जो वर्ग रिकामा असेल तेथे त्यांचे बिऱ्हाड. सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने वर्ग म्हणजे काय असतो, हे प्राथमिक शिक्षकाला सांगावे लागत नाही. आपला खिळा, आपले बाक, खिडकीतली आपली कुंडी, यांतून त्याला शाळा आपली वाटू लागते. हे मूल्य कोणत्याही लेखापरीक्षणात येत नाही.

गिरणीची उपमा येथेच लंगडी पडते. सूत कातण्यासाठी कापसाच्या घरच्या माणसांचे साहाय्य लागत नाही. शिक्षण मात्र शाळा आणि घर यांचे संयुक्त उत्पादन आहे. शाळेने आपले वेळापत्रक बदलले की घराला आपले वेळापत्रक बदलावे लागते, आणि घराच्या वेळापत्रकात बहुतेक वेळा आईची नोकरी असते. उन्हाळ्याची एक मोठी सुट्टी असली की तिच्याभोवती शिबिरे, पाळणाघरे, कॉलेजमध्ये शिकणाऱ्या मुलींची हंगामी मदत अशी एक बाजारपेठ उभी राहते. ऑक्टोबरात तीन आठवडे आणि फेब्रुवारीत तीन आठवडे घरी बसलेल्या एका मुलाला सांभाळण्यासाठी अशी सोय मिळणे कठीण. त्यातून दोन भावंडे दोन गटांत गेली, किंवा धाकटे बारमाही प्राथमिक शाळेत आणि थोरले जुन्या वेळापत्रकाच्या विद्यालयात असले, म्हणजे घरात वर्षभर कोणी ना कोणी सुट्टीवर! अर्थशास्त्रज्ञ जेनिफर ग्रेव्ह्ज यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, शालेय वयाची मुले असलेल्या स्त्रियांच्या नोकरीचे प्रमाण अशा वेळापत्रकामुळे घटते. शाळामंडळाने इमारतीवर वाचविलेला डॉलर असा एखाद्या आईच्या बुडालेल्या पगारातून भरला जातो. तो कर नसतो म्हणून त्यावर मतदान होत नाही, इतकेच.

मुलांच्या अभ्यासाचे काय? पुरस्कर्त्यांचा आवडता युक्तिवाद असा की, लांब सुट्टीत मुले, विशेषतः गरीब घरची मुले, शिकलेले विसरतात. सुट्टी तुकड्यातुकड्यांनी दिली तर विसर कमी पडेल. सुट्टीत विसर पडतो हे अभ्यासांनी दाखविले आहे. पण विसर काय एका दमात अडीच महिन्यांतच पडतो? तीन आठवड्यांच्या चार सुट्ट्यांत तो थोडाथोडा पडतच असतो. ग्रेव्ह्ज यांनी कॅलिफोर्नियातील शाळांच्या निकालांवरून २०१० मध्ये दाखविले की, अनेक गटांच्या वेळापत्रकावर गेलेल्या शाळांची राष्ट्रीय शतमक श्रेणी सरासरीने एक-दोन अंकांनी घसरली. नॉर्थ कॅरोलायनातील वेक परगण्याबाबत स्टीव्हन मॅकमलेन आणि कॅथरिन राऊस यांनी २०१२ मध्ये केलेल्या पाहणीत सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. मात्र जेथे गर्दी अतोनात होती तेथे हे वेळापत्रक गर्दीचे दुष्परिणाम काहीसे हलके करते, असेही याच अभ्यासकांना आढळले. ही शेवटची नोंद महत्त्वाची आहे. वेळापत्रक बदलल्याने मुले हुशार होत नाहीत. पण एका वर्गात चाळीस मुले कोंबण्यापेक्षा ते बरे असू शकते. एवढाच दावा केला असता तर वादच उरला नसता.

वेक परगण्यात तो वाद विकोपाला गेला. रॅले शहराभोवतीच्या या भागात संगणक आणि औषधनिर्मिती उद्योगांमुळे लोकवस्ती झपाट्याने वाढली. कॅरी, मॉरिसव्हिल या उपनगरांत भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली, त्यांत मराठी घरेही थोडी नाहीत. आजोळी महिना-दीड महिना राहून यावयाचे ही ज्यांची उन्हाळ्याची कल्पना, त्यांना तीन आठवड्यांच्या सुट्टीत विमानाचे भाडेही वसूल होत नाही! नोव्हेंबर २००६ मध्ये मतदारांनी ९७ कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले, पण तेवढ्याने भागणार नव्हते, म्हणून मंडळाने २००७ पासून वीसहून अधिक शाळा, बहुतेक प्राथमिक, सक्तीने बारमाही केल्या. पालक न्यायालयात गेले. पालकांच्या संमतीविना मुलाला अशा शाळेत धाडता येणार नाही, असा निकाल मे २००७ मध्ये मिळाला; अपील न्यायालयाने तो २००८ मध्ये फिरविला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मंडळाचा अधिकार कायम केला. खटला मंडळाने जिंकला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मात्र सक्तीला विरोध करणाऱ्यांचे बहुमत मंडळावर आले. (याच राज्याने २००४ मध्ये पर्यटनव्यवसायाच्या आग्रहावरून सामान्य शाळांनी ऑगस्ट अखेरीपूर्वी उघडू नये, असा कायदा केला होता. बारमाही शाळांना त्यातून सूट होती. मुलांच्या सुट्टीत कोणाकोणाचे हितसंबंध गुंतलेले असतात, याची कल्पना त्यावरून यावी.)

तरीही वेकमधील पालक न्यायालयात जाऊ शकले आणि मंडळही पाडू शकले. लॉस एंजलिसच्या पूर्व आणि दक्षिण भागांतील पालकांना ते तितके सोपे नव्हते. तेथे गर्दी इतकी होती की चार गटांची योजनाही अपुरी पडली. मग ‘कन्सेप्ट ६’ नावाची तीन गटांची योजना आली. दोन गट शाळेत, एक घरी. इमारतीची क्षमता निम्म्याने वाढली. पण या हिशेबात १८० दिवस बसत नाहीत. मुलांना मिळाले १६३ दिवस. उणे पडलेले सतरा दिवस रोजची मिनिटे वाढवून कागदोपत्री भरून काढण्यात आले. बालवाडी वगळता बारा इयत्ता या वेळापत्रकावर काढणाऱ्या मुलाचे २०४ दिवस, म्हणजे एका संपूर्ण शालेय वर्षाहून अधिक दिवस, गेले. आणि ही मुले कोणाची होती? मुख्यतः स्पॅनिशभाषक गरीब स्थलांतरितांची. त्याच शहराच्या सधन वस्त्यांत सप्टेंबर ते जून ही जुनी घडी बहुतांशी कायम राहिली. इतकेच नव्हे, तर एका शाळेच्या आतही गटागटांत भेद पडले. जागरूक पालकांनी सोयीचा गट आधी पटकावला, इंग्रजी न येणाऱ्या मुलांचे वर्ग एका गटात आणि हुशार मुलांचे वर्ग दुसऱ्या गटात गेले, आणि एकाच छपराखाली तीन वेगळ्या शाळा नांदू लागल्या.

तेव्हा प्रश्न वेळापत्रक चांगले की वाईट असा नाही. मुलांची लाट पंधरा-वीस वर्षांत ओसरणार आणि इमारत पन्नास वर्षे टिकणार, अशा स्थितीत प्रत्येक लाटेसाठी नवी इमारत बांधणे हाही अपव्ययच ठरेल. लॉस एंजलिसची पटसंख्या या शतकाच्या आरंभी साडेसात लाखांच्या आसपास पोहोचली आणि नंतर सतत उतरत गेली. १९९७ पासून मंजूर झालेल्या कर्जरोख्यांतून सव्वाशेहून अधिक नव्या शाळा उभ्या राहिल्या, आणि आता काही वस्त्यांत रिकाम्या वर्गांचे काय करावे ही चिंता आहे. अल्पकाळासाठी, ठरलेल्या मुदतीचा, भावंडांना एका गटात ठेवणारा, पाळणाघराचा खर्च शाळेच्या अंदाजपत्रकात धरणारा आणि शहराच्या सर्व वस्त्यांवर सारखा पडणारा तोडगा म्हणून बारमाही शाळेचे समर्थन करता येते. यांतील एकही अट कॅलिफोर्नियाने आपणहून पाळली नाही. २००० साली काही विद्यार्थ्यांच्या वतीने राज्यावर खटला भरला गेला, तेव्हा कोठे २००४ च्या तडजोडीत ‘कन्सेप्ट ६’ बंद करण्याचे ठरले. त्यासाठी मुदत देण्यात आली ती २०१२ पर्यंतची. तडजोड झाली त्या वर्षी पहिलीत बसलेले मूल ती मुदत संपेपर्यंत आठवी पार करून गेले होते.