मेलोडिका जरूर घ्या, पण ती फक्त स्नेहसंमेलनासाठी नको



जून-जुलै आला की काही शाळांमध्ये एक विषय हमखास निघतो. "सर, यंदा परिपाठाला मेलोडिका घेऊया का?" पालकही विचारतात, "मॅडम, मुलाला माउथ पियानो घ्यायचाय, कुठला घेऊ?" दुकानात ३२ पट्ट्यांची, ३७ पट्ट्यांची, गुलाबी, निळी, स्वस्त, महाग अशी रांग लागलेली असते. मग चर्चा होते ती फक्त किमतीची आणि कंपनीची. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. हे वाद्य वर्गातल्या किती मुलांच्या हातात जाणार आहे?

कारण आपल्या शाळांचं चित्र तुम्हाला माहीतच आहे. पेटी असते, पण कपाटात. ती वाजवतात एखादे गुरुजी किंवा बाई, आणि मुलं समोर उभं राहून गातात. पेटी जड, महाग, एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या. दुसरी-तिसरीच्या मुलाला ते जमत नाही, म्हणून "हात लावू नका रे" हेच वाक्य त्याच्या वाट्याला येतं. मेलोडिकाने ही अडचण दूर होते. तिचा भाता म्हणजे मुलाची स्वतःची फुंकर. वजनाला हलकी, विजेची गरज नाही, सेल नाहीत. आणि आवाज निघतो तो पेटीच्याच तत्त्वावर. धातूची पातळ जीभ, म्हणजे रीड, हवेने थरथरते आणि सूर उमटतो. मेलोडिका ही पेटीची लहान बहीणच समजा.

जपानमध्ये हे फार आधी ओळखलं गेलं. तिथे प्राथमिक शाळेत लहान वयातच मुलं हे वाद्य वर्गात वाजवतात. म्हणजे ते 'कलाकार' मुलांसाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. आपल्याकडे मात्र बऱ्याचदा उलटं होतं. चार हुशार मुलं निवडायची, दोन महिने घोटून घ्यायची, स्नेहसंमेलनात टाळ्या मिळवायच्या आणि मेलोडिका परत खोक्यात. उरलेली सव्वीस मुलं प्रेक्षक. याला मी संगीत शिक्षण म्हणणार नाही.

मग प्रत्येक पालकाला घ्यायला सांगायची का?

अजिबात नाही. साधी मेलोडिका हजार-दीड हजारापासून पुढे मिळते. रोजंदारीवर जाणाऱ्या घराला ही रक्कम छोटी नाही. "ज्यांनी आणली ते वाजवतील" असं एकदा झालं की वर्गात दोन गट पडतात, आणि कोण कोणत्या गटात आहे हे मुलांना आपल्याआधी कळतं.

माझी सूचना अशी. शाळेने, लोकसहभागातून किंवा व्यवस्थापन समितीशी बोलून, सहा मेलोडिका घ्याव्यात. त्या सगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या. आणि तोंडाची नळी मात्र प्रत्येक मुलाची वेगळी, नावाची पट्टी लावलेली. नळ्या सुट्या विकत मिळतात, पण एका कंपनीची दुसरीला बसेलच असं नाही. म्हणून एकच मॉडेल.

नळीच्या बाबतीत तडजोड करू नका. सर्दी-खोकला हे एक कारण झालं. दुसरं कारण तितकंच मोठं आहे. उष्टं या गोष्टीवरून आपल्याकडे मुलं एकमेकांना काय काय बोलतात, कोणाच्या हातचं घ्यायला कोण नाक मुरडतं, हे आपण शिक्षक रोज पाहतो. नळी स्वतःची असली की वाद्य सगळ्यांचं होऊ शकतं.

आता गणित बघा. तीस मुलं, सहा मेलोडिका, सहाचे पाच गट. प्रत्येक गटाला पाच मिनिटं, म्हणजे पंचवीस मिनिटं. पस्तीस मिनिटांच्या तासात सहज बसतं. एक गट वाजवतो तेव्हा दुसरा गातो, तिसरा टाळीने ताल धरतो आणि बाकीचे पुठ्ठ्यावर काढलेल्या पट्ट्यांवर बोटं फिरवतात. रिकामं कोणीच बसत नाही.

दुकानात काय बघायचं?

प्राथमिकसाठी ३२ पट्ट्यांची पुरेशी आहे. ३७ पट्ट्यांच्या मेलोडिकेत वरच्या बाजूला पाच पट्ट्या जास्त असतात. शाळेतली गाणी तिथपर्यंत सहसा जात नाहीत, आणि लहान हातांना लांबी नडते. अगदी कमी पट्ट्यांची खेळण्यातली घेऊ नका, तिचे सूर बहुधा भरवशाचे नसतात.

घेण्यापूर्वी या गोष्टी तपासा:

१. एकही पट्टी न दाबता फुंका. हवा सहज निघून जात असेल तर आत कुठेतरी गळती आहे.

२. अगदी हळू फुंकर ठेवून डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबा, काळ्या पट्ट्यासुद्धा. काही सूर लगेच बोलतात आणि काही जोर मागतात, असं असेल तर दुसरी काढायला सांगा.

३. मधला सा आणि वरचा सा एकदम दाबा. आवाज स्थिर राहायला हवा. 'वाँव-वाँव' असा हेलकावा आला तर सूर जुळलेले नाहीत.

४. पट्टी दाबून सोडल्यावर पटकन वर येते का? अडकते का?

५. आखूड माउथपीस आणि लांब लवचीक नळी दोन्ही आहेत का? लहान मुलांना लांब नळी बरी, कारण वाद्य बाकावर ठेवून पट्ट्या डोळ्यांनी दिसतात.

६. शाळेत पेटीसोबत वाजवायची असेल तर पेटीशी सूर मिळवून बघा. जुनी पेटी थोडी वर-खाली लागलेली असू शकते, आणि मेलोडिकेचे सूर आपल्याला घरी बदलता येत नाहीत.

शिकवायची कशी?

"आम्ही काही संगीत शिक्षक नाही" हे मला मान्य आहे. डीएडला आपल्याला सगळं थोडं थोडं शिकवलं, संगीत त्याहून थोडं. पण पाच सुरांपर्यंत मुलांना नेणं आपल्याला नक्की जमतं.

पहिल्या आठवड्यात वाद्य बाहेर काढूच नका. सा रे ग म प गाऊन घ्या. फुंकरीसाठी कागदाची पट्टी तोंडासमोर धरा आणि ती एकसारखी वाकलेली राहील अशी सावकाश फुंकर मारायला सांगा. मुलं सुरुवातीला शिट्टी फुंकल्यासारखी जोरात फुंकतात. मेलोडिकेला जोर नको, सातत्य हवं. फार जोराने सूर थोडा उतरतो आणि रीडही लवकर खराब होते. हवा आत ओढायची नाही, हेही तेव्हाच सांगा.

दुसऱ्या आठवड्यात सा शोधणं. इथे हमखास गोंधळ होतो. ३२ पट्ट्यांच्या नेहमीच्या मेलोडिकेत डावीकडची पहिली पट्टी सा नसते. काळ्या पट्ट्या कधी दोन, कधी तीन अशा जोडीने येतात. दोनच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे आपला सा, पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी एक. डावीकडून मोजली तर पाचवी पांढरी. तिथून पुढे सलग पांढऱ्या पट्ट्यांवर शुद्ध सप्तक मिळतं. सा वर छोटं स्टिकर लावा.

तिसऱ्या आठवड्यात बोटं. सा ला अंगठा, रे ला तर्जनी, ग ला मधलं, म ला अनामिका, प ला करंगळी. प्रत्येक सुराला जिभेने 'तू' म्हणत फुंकायचं, म्हणजे सूर सुटे आणि स्वच्छ येतात. चौथ्या आठवड्यात याच पाच सुरांतली वर्गाने स्वतः रचलेली छोटी ओळ. राष्ट्रगीत आणि राज्यगीत वाजवण्याची घाई नको, त्याला वर्ष पुरेल.

प्रत्येक तासानंतर मागचं पाणी काढायचं बटण दाबून एकदा फुंकायचं, म्हणजे आत साचलेली वाफ निघते. नळ्या कोमट साबणपाण्याने धुवून वाळवायच्या. मेलोडिका मात्र पाण्यात बुडवायची नाही. मधल्या सुट्टीनंतर तास असेल तर आधी चूळ भरायची, नाहीतर बिस्किटाचा चुरा थेट रीडवर जातो.

काही आक्षेप

"पट्टीच्या वाद्यात मींड नाही, श्रुती नाहीत." खरं आहे. याच कारणासाठी १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती सुमारे तीन दशकं टिकली. पण त्याच काळात घराघरांत आणि भजनी मंडळांत पेटी वाजतच होती. आक्षेपाचा अर्थ मी एवढाच घेते की गळा आधी, वाद्य नंतर. मूल जे गाऊ शकतं तेच त्याने वाजवावं.

"मोबाईलवर पियानो फुकट मिळतो." मिळतो. पण त्यात श्वास नाही. मेलोडिका वाजवताना मुलाला वाक्य कुठे संपतं, श्वास कुठे घ्यायचा हे कळतं. हेच मूल पुढे कविता वाचताना योग्य जागी थांबतं, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

"निपुणची उद्दिष्टं आधी पूर्ण करा." जरूर करूया. पण आनंददायी शनिवार हातात आहेच. तिथे पंचवीस मिनिटं काढणं अशक्य नाही.

पालकांनाही एक विनंती. घरी मेलोडिका घेतलीत तर पहिल्या महिन्यात "गाणं वाजवून दाखव" असा आग्रह पाहुण्यांसमोर धरू नका. रोज दहा मिनिटं, पाच सूर, एवढंच पुरे.

आणि शिक्षकांना सांगायचं तर, डिसेंबरमध्ये स्टेजवर मेलोडिका न्यायचीच असेल तर वर्गातली सगळी मुलं घेऊन जा. कोणी दोनच सूर वाजवेल, कोणी चुकेल. चालेल. समोर बसलेल्या प्रत्येक आईला तिचं मूल वाजवताना दिसायला हवं.