कोल्हापूरची यादी फाडून टाका

पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांचा कोल्हापूर वीकेंड अगदी ठरलेला असतो. पहाटे गाडी काढायची, अंबाबाईचं दर्शन, तांबडा-पांढरा, मग जोतिबा, पन्हाळा, परत येताना घाईघाईत चप्पल आणि रात्री उशिरा घर. दुसऱ्या दिवशी फोटो अपलोड. 'कोल्हापूर झालं!'

च्यायला, शहर कधी 'होतं' का?

माझं म्हणणं सरळ आहे. दोघंच जाणार असाल तर ही यादी फाडून टाका. पन्हाळ्याला वेगळा दिवस द्या, तो गड तेवढ्या मानाचा आहे. कोल्हापूरला मात्र एक पूर्ण दिवस द्या, तोही पायी.

कारण यादी आली की दोघांतला एक प्रोजेक्ट मॅनेजर होतो आणि दुसरा रिसोर्स. "आवर लवकर, अजून दोन पॉईंट राहिलेत" हे वाक्य सोमवार ते शुक्रवार ऐकतोच की आपण. शनिवारी ते नवऱ्याच्या किंवा बायकोच्या तोंडून ऐकायला अडीचशे किलोमीटर कशाला जायचं?

जुनं कोल्हापूर चालण्याच्या मापाचं आहे. देवळातून बाहेर पडलं की भवानी मंडप, तिथून थोडं चाललं की खासबाग. 1902 साली शाहू महाराज युरोपला गेले होते, तेव्हा रोममधलं प्राचीन रिंगण त्यांनी पाहिलं. तसं आपल्या पैलवानांसाठी असावं म्हणून 1912 मध्ये हे कुस्तीचं मैदान उभं राहिलं. मधे खोलगट हौदा, चहूबाजूंनी चढत गेलेली बसायची जागा. कुठूनही बघा, कुस्ती दिसणारच. डिझाईन म्हणावं तर याला. रिकाम्या मैदानात अर्धा तास नुसतं बसून पहा.

शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेली ही वास्तू 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळाली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री इथली माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. कोल्हापुरी माणूस एका इमारतीसाठी का रडतो, हे तांबड्या रश्श्याच्या वाटीतून कळत नाही. त्यासाठी तिथं जाऊन उभं राहावं लागतं.

दुपारच्या उन्हात टाऊन हॉलचं म्युझियम गाठा. बागेत मोठी झाडं आहेत. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1940 च्या दशकात उत्खनन झालं, त्या वस्तू इथं आहेत. त्यातच पोसायडन या समुद्रदेवाची ब्रॉंझची छोटीशी मूर्ती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हा देव समुद्र ओलांडून, सह्याद्री चढून पंचगंगेच्या काठी आला. आपण ऑनसाईटचं कौतुक सांगतो! :-)

आता चपला. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीची शिलाई. 2019 मध्ये कोल्हापुरीला जीआय मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला आणल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ कुठलं ते मान्य केलं. तेव्हा आपण सगळ्यांनी तावातावाने स्टेटस ठेवले. पण चप्पल लाईनमध्ये गाडी चालू ठेवून, पाच मिनिटांत भाव पाडून जोड उचलणारेही आपणच. बसा, दोन-चार जोड घालून पहा, शिलाई कशी केली ते विचारा. घाईच्या गिऱ्हाईकाला घाईचाच माल मिळतो.

संध्याकाळी सीझन असेल तर शाहू स्टेडियमवर फुटबॉल पहा. हो, फुटबॉल! कुस्तीच्या गावात फुटबॉल इतका मुरलाय की अनेक टीमच्या नावात आजही 'तालीम मंडळ' आहे. पाटाकडील खेळत असेल तर मॅचपेक्षा प्रेक्षक बघण्यातच जास्त मजा. नाहीतर सरळ रंकाळ्याला जा. वाटेत गंगावेशीत डोळ्यांसमोर म्हशीची धार काढून दूध देतात, ते प्या. रंकाळ्याच्या पाण्याची काळजी वाटावी अशी स्थिती वर्षानुवर्षं आहे, तेही डोळे उघडे ठेवून बघा. संध्यामठ, पलीकडे शालिनी पॅलेस, कडेला कणीस. इथं काहीही 'करायचं' नसतं, हीच खरी गंमत.

कुणी म्हणेल, नुसतंच भटकायचं तर पुण्यातच भटका की. पण पुण्यात दोघांना शेजारी-शेजारी चालता येईल असा फूटपाथ शोधण्यातच वीकेंड जाईल. शिवाय तिथं घराचे हप्ते, वाणसामान, लॅपटॉप सगळं हाकेच्या अंतरावर असतं. दुसऱ्या गावात निदान ते बोलावत नाहीत.

आणि जाणाऱ्यांचा फायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न कोल्हापूरचाही आहे. प्रभात फिल्म कंपनी 1929 मध्ये इथं सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. तेव्हापासून इथून पुण्याला जाणाऱ्यांची रांग काही थांबलेली नाही. :-) शहरातले तरुण बाहेर आणि बाहेरचे पाहुणे चार पॉईंटपुरते आत, असं होत गेलं तर त्या चार पॉईंटना पार्किंग आणि हॉटेलं मिळत राहतील. नाट्यगृह, म्युझियम, तळं आणि हाताने चप्पल शिवणारा कारागीर यांच्याकडे मात्र कुणी फिरकणार नाही. माणसं जिथं रेंगाळतात तीच जागा टिकते.

तेव्हा भावांनो आणि वहिनींनो, पुढच्या वेळी एक दिवस कोल्हापुरात नुसते फिरा. रस्ता चुकलात तर कुणालाही विचारा. पत्ता मिळेल, वर "चहा घेऊनच जावा" असा आग्रहही होईल. नाही म्हणू नका.