संशय पुरेसा आहे

बदलापूरच्या शाळेतील चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचे ऑगस्ट 2024 मध्ये उघड झाले. तक्रार नोंदवून घेण्यासाठी पालकांना तासन्‌तास ताटकळावे लागले. लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा यंत्रणा हलली. पण पोलीस ठाण्याआधीचे मौन कोणाचे?

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा ‘पोक्सो’ कायदा 2012 चा. त्याच्या 19व्या कलमानुसार गुन्हा घडल्याचे माहीत असलेल्यानेच नव्हे, तर तो घडण्याची शक्यता असल्याचा संशय असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचे आहे. पुरावा गोळा करणे हे त्याचे काम नाही. मौन बाळगल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंत. सद्हेतूने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वसतिगृह प्रकरणात माहिती दडवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरील खटला उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तो निर्णय फिरवला. तरीही शाळांत पहिली बैठक बसते ती ‘बदनामी’ टाळण्यासाठी. (कोणाची, हे विचारायचे नसते.)

मूल सहसा सरळ सांगत नाही. ते अचानक अंथरूण ओले करू लागते, शाळेच्या नावाने पोटात दुखते म्हणते, एका विशिष्ट काकांकडे जायला नकार देते. त्याला हट्ट म्हणून दटावण्याआधी ऐकून घ्यावे. खोदून उलटतपासणी नको. मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवर फोन करावा.

मौन फक्त मुलांबाबतच नसते. खाटेला खिळलेल्या आजीच्या दंडावरचे वळ, काढून घेतलेले पेन्शनचे पासबुक, हेही शेजाऱ्यांना दिसतेच. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे. तरी ‘त्यांच्या घरातला प्रश्न’ म्हणून आपण दार लावून घेतो.