दगडफुलाची चिठ्ठी



घरी काळा मसाला करतात, तेव्हा त्यात चुरगळलेल्या कागदासारखं काळपट काहीतरी घालतात. ते काय असतं? दगडफूल! पण गंमत अशी की ते फूलच नाही. त्याला पान नाही, मूळही नाही. बुरशी आणि शैवाल या दोघांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. शैवाल उन्हात अन्न तयार करतं. बुरशी घर बांधते, ओलावा धरून ठेवते. या जोडीला शास्त्रज्ञ लायकेन म्हणतात.

बाजारातलं बरंचसं दगडफूल हिमालयातून, उत्तराखंडातून येतं. आपल्या सह्याद्रीतही महाबळेश्वरसारख्या उंच, धुक्याच्या ठिकाणी झाडांवर, खडकांवर नाना तऱ्हेची लायकेन दिसतात. त्यांची वाढ मात्र फार हळू, वर्षाला काही मिलिमीटर! तळहाताएवढं लायकेन वयानं तुमच्याहून मोठं असू शकतं, बरं का.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत लायकेनचा मोठा संग्रह आहे. पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखिजा अशा संशोधकांनी तिथं वर्षानुवर्षं त्यांचा अभ्यास केला. नमुना कसा ठेवतात, ठाऊक आहे? लहानसा तुकडा सालीसकट काढायचा. सावलीत वाळवायचा. कागदाच्या पुडीत ठेवायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही हं, ओल राहिली की बुरा चढतो. आणि पुडीवर चिठ्ठी लावायची : कुठं सापडलं, कधी, किती उंचीवर, कोणत्या झाडावर की दगडावर, कुणी गोळा केलं. ही चिठ्ठी हरवली, तर मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल आणि तो नमुना यांत फरक तो काय उरला?

एवढं लिहून काय मिळतं? ऐका. विल्यम नीलांडर नावाच्या शास्त्रज्ञानं १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या लायकेनची नोंद छापली. लायकेनला मुळं नसतात. पाणी, क्षार सारं हवेतूनच घ्यायचं, मग धुरातलं विषही आत जातं. कोळशाचा धूर वाढला आणि शतक संपेपर्यंत त्या बागेतली लायकेन नाहीशी झाली. पुढे हवा सुधारली. १९९० च्या सुमारास पाहिलं, तर काही लायकेन परत आलेली! जुनी नोंद नसती, तर काय गेलं आणि काय आलं, हे कळलं असतं का?

आता आपल्या चिंचोळी एमआयडीसीकडे या. इथं डोंगर नाही, धुकं नाही. पण जुन्या लिंबाची, चिंचेची साल नीट बघा. करडे, फिकट हिरवे चट्टे दिसतात का? दिसले नाहीत, तर लगेच "हवा वाईट" म्हणू नका. आपला मुलूखच कोरडा आहे. म्हणून एकच झाड ठरवा. काही खरवडू नका. चट्ट्याशेजारी पट्टी धरून मोजा, चित्र काढा, तारीख घाला. चट्टा नसेल, तर "आज नाही" असंच लिहा. तीही नोंदच!

दर वर्षी त्याच महिन्यात त्याच झाडाशी जा. पालकांनो, ही वही रद्दीत घालू नका. दहा वर्षांनी इथली हवा सुधारली की बिघडली, असं कुणी विचारलं, तर त्या वहीला काहीतरी सांगता येईल.