आरोळीचे गणित

"तू केलेस काय? नुसता ओरडत तर होतास!"

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याला त्याच्या एका मित्राने असे सुनावले. भाचा कॉलेजात शिकतो. रात्रीची जेवणे झाली की तो आणि त्याचे सात मित्र आपापल्या घरी संगणकापुढे बसतात आणि 'डायाब्लो-२' नावाचा खेळ एकत्र खेळतात. त्या रात्री राक्षसांचा एक मोठा घोळका त्यांनी संपवला, खाली पडलेल्या वस्तू ज्याच्या हाती लागल्या त्याने उचलल्या, आणि भाच्याने आपला वाटा मागताच हे उत्तर मिळाले. तो रागाने उठला. "मामा, तू गणित शिकवतोस ना? मग तूच सांग, मी फुकटा आहे का?"

विद्यार्थी मित्रहो, हा लेख म्हणजे त्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. मात्र आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा खेळ रक्तपाताचा आहे आणि अमेरिकेत त्यावर सतरा वर्षे व त्यापुढील वयाची खूण असते. तुम्ही तो खेळावा असे मी सुचवत नाही. आपल्याला कागद आणि पेन्सिल पुरे.

ब्लिझर्ड नॉर्थ या अमेरिकन गटाने केलेला हा खेळ २००० साली निघाला. २००१ साली त्याला 'लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन' हा जोडखंड आला आणि २०२१ साली तोच खेळ नव्या चित्रांसह पुन्हा बाजारात आला. भाच्याची मंडळी जुनाच खेळ जोडखंडासह खेळतात, तेव्हा पुढचे आकडे त्यातले आहेत. त्यात सात प्रकारची पात्रे आहेत. कोणी जादूगारीण, कोणी धनुर्धारी, तर कोणी धर्मयोद्धा. भाच्याने निवडला तो बार्बेरियन, आरिएट पर्वताकडचा दांडगा गडी. हा गडी दोन्ही हातांत शस्त्रे घेऊन सगळ्यांच्या पुढे घुसायचा, असा रिवाज आहे. पात्राची एकेक लेव्हल वाढली की एक कौशल्यगुण मिळतो, शिवाय ठरावीक कामगिऱ्या पार पाडल्या की एकूण बारा गुण वर मिळतात. म्हणजे लेव्हल ८५ ला ८४ अधिक १२, असे ९६ गुण हाती येतात. एका कौशल्यात जास्तीत जास्त २० गुण घालता येतात आणि बार्बेरियनची कौशल्ये तीस आहेत. सगळे काही घेता येत नाही. काय घ्यायचे यापेक्षा काय सोडायचे हाच खरा प्रश्न असतो.

बहुतेक खेळाडू हे गुण घाव घालण्यात ओततात. भाच्याने ते आरोळ्यांत ओतले. बार्बेरियनच्या तीस कौशल्यांपैकी दहा निव्वळ आरोळ्यांची आहेत. त्यांतली 'बॅटल ऑर्डर्स' ही आरोळी ठोकली की जवळपासच्या सर्व साथीदारांची मूळ प्राणशक्ती वाढते. पहिल्या पातळीला ३५ टक्के, पुढे दर पातळीला ३ टक्के, म्हणजे विसाव्या पातळीला ९२ टक्के. 'बॅटल कमांड' ही दुसरी आरोळी प्रत्येकाच्या सर्व कौशल्यांची पातळी एकाने वाढवते. येथे एक गंमत आहे. आधी बॅटल ऑर्डर्स आणि मग बॅटल कमांड, असा क्रम लावला तर ९२ टक्के मिळतात. क्रम उलटा केला की बॅटल ऑर्डर्सचीच पातळी एकवीस होते आणि ९५ टक्के मिळतात. कंस आधी सोडवायचा की गुणाकार, यावरून उत्तर बदलते हे आपण पाचवीत शिकतो, तशातलाच हा प्रकार.

'शाउट' ही तिसरी आरोळी बचाव वाढवते, विसाव्या पातळीला २९० टक्के. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण भाच्याने तीत वीस गुण घातले ते मला पटलेले नाही. टक्के कशाचे, हे आधी विचारावे. ज्या जादूगारणीचा मूळ बचावच नगण्य, त्याची चौपट केली तरी ती नगण्याची चौपट. बरे, धावणाऱ्या पात्राला या खेळात बचावाचा उपयोगच होत नाही. प्राणशक्तीचे तसे नाही, ती सगळ्यांजवळ असते आणि सगळ्यांना लागते.

आता मुख्य हिशेब. एखाद्या साथीदाराची मूळ प्राणशक्ती १००० आहे आणि राक्षसाच्या एका तडाख्याने ती ३०० ने घटते, असे समजा. चौथ्या तडाख्याला तो मरतो. प्राणशक्ती १९२० झाली की सातव्या तडाख्याला मरतो. मधल्या तीन तडाख्यांत औषधाची बाटली पिता येते, मागे सरता येते. मरणाची किंमतही थोडी नाही. खेळाच्या सर्वांत कठीण भागात मेलेल्या पात्राचा कमावलेला अनुभव घटतो, आणि 'हार्डकोअर' प्रकारात तर पात्र एकदा मेले की कायमचे संपले.

पण भाच्याच्या मित्राचा मुद्दाही खोटा नव्हता. हा खेळ एका वेळी आठजणांना खेळता येतो आणि माणसे वाढली की राक्षसांची प्राणशक्तीही वाढते, दर नव्या माणसामागे मूळच्या निम्म्याने. एकट्यापुढे ती १ धरली तर सातजणांपुढे ४ आणि आठजणांपुढे ४.५. म्हणजे आठवा माणूस येऊन नुसता उभा राहिला तर त्याच्यामुळे पथकाचे काम साडेबारा टक्क्यांनी वाढते. 'मी कोणाला त्रास देत नाही' असे म्हणण्याची सोय या खेळात नाही.

तर मग तोलायचे कसे? एका पारड्यात आठ घाव घालणारे, दुसऱ्यात घाव घालणारे सात आणि आरोळी देणारा एक. येथे मला फ्रेडरिक लँचेस्टर आठवला. हा इंग्रज मोटार-अभियंता. पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या लढायांचा विचार करताना त्याने एक नियम मांडला. १९१६ साली निघालेल्या 'एअरक्राफ्ट इन वॉरफेअर' या त्याच्या पुस्तकात तो आहे. वर्गात मी तो असा सांगतो. सारख्याच ताकदीच्या गड्यांची पाचजणांची फळी चौघांच्या फळीशी भिडली आणि चौघांपैकी एकही उरेपर्यंत लढत थांबली नाही, तर पाचांतले किती उरतील? बहुतेक हात 'एक' म्हणून वर होतात. उत्तर आहे तीन. पाचाचा वर्ग २५, चाराचा १६, वजाबाकी ९, तिचे वर्गमूळ ३. कारण असे की चौघांवर घाव अधिक पडतात आणि ते वाटूनही चौघांतच घ्यावे लागतात, म्हणून ते लवकर घटतात. ते घटले की त्यांच्याकडून येणारे घाव घटतात, त्यामुळे पाचजण आणखी सावकाश घटतात. संख्या अशी दोन बाजूंनी काम करते, म्हणून तिचा वर्ग. सहनशक्ती आणि घावाचा जोर यांचा मात्र साधा गुणाकार. पथकाचे बळ म्हणजे संख्येचा वर्ग गुणिले सहनशक्ती गुणिले घावाचा जोर.

आठ घाव घालणाऱ्यांचे बळ ८ चा वर्ग, ६४. सातजण आणि ९२ टक्क्यांची आरोळी म्हणजे ४९ गुणिले १.९२, सुमारे ९४. जवळजवळ दीडपट! भाच्याने एकही राक्षस मारला नाही हे खरे, पण पथकाचे बळ दीडपट त्याच्यामुळे झाले हेही तितकेच खरे. शिवाय आपण त्याला कडक नियम लावला आहे. प्रत्यक्षात एका आरोळीला क्षणभर लागतो आणि तिचा परिणाम काही मिनिटे टिकतो. उरलेल्या वेळात तो 'वॉर क्राय' ही आरोळी ठोकून भोवतालच्या राक्षसांना भोवळ आणतो. ते त्याच्या नावावर आपण जमाही धरलेले नाही.

हेच गणित लहान पथकाला लावून पाहा. चौघे असतील तर १६ च्या जागी ९ गुणिले १.९२, म्हणजे १७.२८. नफा आहे, पण किरकोळ. तिघे असतील तर ९ च्या जागी ४ गुणिले १.९२, म्हणजे ७.६८. तोटा. दोघांत तर विचारूच नका. आरोळी वाटून घेणारे पुरेसे नसतील तर तिच्यावर केलेला खर्च निघत नाही. साहाय्यक योद्धा चांगला की वाईट, हा प्रश्न म्हणूनच अर्धा आहे. कितीजणांत, हे सोबत सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

मी खूश होऊन हा कागद भाच्याला दिला. तो त्याने मित्राला दाखवला, आणि दुसऱ्याच दिवशी मित्राचे उत्तर आले. ते उत्तर चांगले होते, म्हणून येथे देतो. २००३ साली या खेळाची १.१० ही सुधारित आवृत्ती निघाली. तीत 'कॉल टू आर्म्स' नावाचे एक शस्त्र आले. पाच ठरावीक मंत्रशिळा शस्त्राच्या खोबणींत क्रमाने बसवल्या की ते तयार होते, आणि ते हाती धरणाऱ्या कोणालाही, अगदी जादूगारणीलासुद्धा, बॅटल ऑर्डर्सची आरोळी देता येते. शस्त्रातून मिळणारी पातळी एक ते सहा. सहाव्या पातळीला ५० टक्के. मित्राचे म्हणणे असे, की आठही जण घाव घालतील आणि त्यांतलाच एक अधूनमधून हे शस्त्र काढून आरोळी देईल. ६४ गुणिले १.५, म्हणजे ९६. भाच्याचे ९४!

येथे भाच्याचा पक्ष लंगडा पडला हे कबूल केले पाहिजे. क्रम उलटा करून ९५ टक्के घेतले तरी ९५.५५ होतात, ९६ ला पोचत नाहीत. उपाय एकच उरतो, अर्ध्यावर न थांबण्याचा. अंगावरच्या वस्तूंनीही कौशल्याची पातळी वीसच्या पुढे नेता येते. त्यासाठी भाच्याला तलवार निवडताना धार पाहणे सोडून द्यावे लागले. ती आवाजाचे बळ किती वाढवते एवढेच पाहायचे. पातळी ३१ झाली की १२५ टक्के, आणि ४९ गुणिले २.२५ म्हणजे ११० च्या वर. तो आता त्या वाटेवर आहे. अर्थात त्या शस्त्राला लागणाऱ्या मंत्रशिळा दुर्मीळ असतात, हे मित्राने आपल्या उत्तरात सोयीस्करपणे गाळले होते.

आता वाट्याचा प्रश्न. मिळालेला अनुभव हा खेळ जवळ असलेल्या सर्व साथीदारांत लेव्हलच्या प्रमाणात वाटतो, घाव कोणाचा बसला ते पाहत नाही. येथे खेळ रचणाऱ्यांनी न्याय केला आहे असे माझे मत. वस्तू मात्र ज्याने आधी उचलली त्याची. पुढे घुसणारे तिच्याजवळ असतात आणि आरोळी देणारा चार पावले मागे. पंगतीत वाढपी शेवटी जेवतो हे ठीक आहे, पण त्याच्यासाठी भांड्यात काही उरले पाहिजे. भाच्याच्या पथकाने आता ठरवले आहे, की दर पाचवी चांगली वस्तू आरोळीवाल्याची. पाचच का, हे मला त्यांनी सांगितले नाही.

हा सारा हिशेब मला इतका लागण्याचे कारण खेळाबाहेरचे आहे. काही वर्षांपूर्वी विज्ञान प्रदर्शनासाठी माझ्या वर्गातल्या पाचजणांनी लंबकाचा प्रयोग केला होता. दोघांनी तक्ता रंगवला, दोघांनी परीक्षकांपुढे बोलून दाखवले. पाचवी मुलगी कुठेच दिसत नव्हती. तिने दोरीची लांबी दर वेळी पुन्हा मोजली, दहा-दहा आंदोलनांची वेळ घेतली आणि कोणाचे वाचन चुकले की काही न बोलता ते नव्याने घेतले. बक्षीस मिळाले. प्रमाणपत्रासाठी नावे लिहून द्यायला मला सांगितले, तेव्हा मी चारच नावे लिहिली. कोणाचे सांगून नाही, मुद्दामही नाही. 'कोणी काय केले' हे आठवू लागलो, तेव्हा मला दिसलेली तेवढीच नावे आठवली. तिचे वाचन बाजूला काढून पाहिले असते तर प्रयोगातून पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाची कसली किंमत निघाली असती, हे मी पाहिले नाही. पाहायला हवे होते. गणिताच्या शिक्षकाला तरी ते सुचायला हवे होते.

शिक्षक मित्रांना म्हणून एक सुचवतो. गटाने केलेल्या प्रयोगाला गुण देताना प्रत्येक मुलाला 'तू काय केलेस?' असे विचारू नये. तो प्रश्न भाच्याच्या मित्राचा आहे. त्याऐवजी बाकीच्या चौघांना स्वतंत्रपणे विचारावे, की हा नसता तर तुमचे काय अडले असते. मी गेली दोन वर्षे तसे करतो. उत्तरे कधी कधी चकित करतात. एकदा तर सर्वांत जास्त बोलणाऱ्या मुलाबद्दल चौघांनीही 'काही नाही' असे लिहिले होते.

यंदा नववीच्या वर्गाला मी हे आरोळीचे गणित घातले. खेळाचे नाव सांगितले नाही, फक्त नियम आणि आकडे दिले. तीनजणांच्या पथकात आरोळीवाला कधीच परवडत नाही, असे मी फळ्यावर लिहून मोकळा झालो होतो. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी वही घेऊन आली. "सर, 'कधीच' बरोबर नाही," ती म्हणाली. "तिसाव्या पातळीला ८.८८ येतात, तेव्हा तोटा. एकतिसाव्याला बरोबर ९ येतात, ना नफा ना तोटा. बत्तिसाव्यापासून परवडते." मी पडताळून पाहिले. ३५ अधिक ३० त्रिक ९०, म्हणजे १२५ टक्के, आणि ४ गुणिले २.२५ बरोबर ९.

दोनजणांच्या पथकासाठी कोणती पातळी लागेल, तेही तिने काढून आणले होते. ते तुम्ही काढा.