पदवी कोणाची, मान कोणाचा?

वाकडहून पुण्यात शिरताना गणेशखिंडीत विद्यापीठ लागते. तेव्हाच्या या पुणे विद्यापीठाने १९५९ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांना सन्माननीय डी.लिट्. दिली. मुंबई विद्यापीठाने १९११ साली त्यांची बी.ए.ची पदवी काढून घेतली होती. परकीय सत्तेपुढे विद्वत्ता अशीच नमते! पण स्वराज्यातही ती परत मिळण्यास १९६० का उजाडावे?

अंदमानच्या कोठडीत काव्य रचणाऱ्या, मराठीला ‘महापौर’, ‘दिनांक’ यांसारखे शब्द देणाऱ्या या साहित्यिकाचे पदवीवाचून काय अडले होते? लाज राखली गेली ती विद्यापीठांची! आपले काय? जयंतीला प्रतिमेस हार घातला की कर्तव्य संपले? घरच्या कपाटात त्यांचा एक तरी ग्रंथ आहे काय? मुलांनी तो उघडला आहे काय? साहित्यिकाचा खरा गौरव वाचकच करतो.