आज्ञा देण्यापूर्वीं ती समजून घ्या

संगणकास काम सांगण्याच्या दोन रीती आहेत. एक पडद्यावरील चित्रावर बोट ठेवण्याची, दुसरी शब्द लिहून आज्ञा देण्याची. पहिली सोपी म्हणून रूढ झाली. परंतु ज्यांस पुढें प्रोग्रॅम लिहिण्याचा उद्योग करावयाचा आहे, त्यांनीं दुसरी रीत शाळेंतच शिकावी, असें आमचें मत आहे.

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा आरंभ केला. नोव्हेंबर २०१७ च्या यादींत जगांतील पहिले ५०० महासंगणक सर्वच्या सर्व लिनक्सवर चालणारे होते. अशा यंत्रांस बहुधा दुरून आज्ञा लिहूनच काम सांगावें लागतें. शिवाय लिनक्स विनामूल्य मिळतें व जुन्या संगणकावरही चालतें, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

आतां कांहीं उपयुक्त गोष्टी सांगतों. फाइलीच्या नांवाचीं पहिलीं दोनतीन अक्षरें लिहून टॅब दाबावी. उरलेलें नांव यंत्रच पुरें करतें व चुकीचा संभव टळतो. पूर्वीं दिलेली आज्ञा पुन्हा हवी असल्यास कंट्रोल व आर हीं बटणें एकदम दाबून तिच्यांतील एखादा शब्द लिहावा. एखाद्या आज्ञेचा अर्थ ठाऊक नसेल तर तिच्या नांवापूर्वीं 'मॅन' लिहावें, म्हणजे तिची माहिती समोर येते.

सर्वांत मोलाची युक्ति १९७३ सालीं युनिक्समध्यें आलेल्या 'पाइप'ची, म्हणजे नळाची. आपल्या नगरांतील पाणचक्की ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस ती सहज कळेल. डोंगरांतील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून येई व त्याच पाण्यानें जातें फिरे. तसेंच येथें एका आज्ञेचें फळ उभ्या रेघेंतून दुसरीकडे जातें. निकालाच्या फाइलींतून 'ग्रेप'नें 'उत्तीर्ण' हा शब्द असलेल्या ओळी निवडाव्या, पुढें उभी रेघ देऊन 'डब्ल्यूसी' ही आज्ञा 'उणे एल' या खुणेसह लिहावी; त्या ओळींची संख्या क्षणांत मिळते. मात्र 'उत्तीर्ण नाहीं' असें लिहिलेल्या ओळींतही 'उत्तीर्ण' हा शब्द असतो, हें जो विसरेल त्याची गणती चुकेल! यंत्र अक्षरें पाहतें, आशय नव्हे.

म्हणूनच सावधगिरी हवी. 'आरएम' या आज्ञेनें पुसलेली फाइल कचऱ्याच्या टोपलींत जात नाहीं. ती गेलीच म्हणून समजावें. तारकाचिन्ह वापरून अनेक फाइली पुसावयाच्या असतील, तर प्रथम तेंच लिहून 'एलएस' चालवावें व कोणतीं नांवें येतात तें पाहावें. 'उणे आय' ही खूण जोडल्यास यंत्र पुसण्यापूर्वीं विचारतें.

कोणी म्हणतील, आतां कृत्रिम बुद्धिमत्ता तयार आज्ञा लिहून देते, मग हा खटाटोप कशास? आमचें उत्तर असें कीं, आज्ञा कोणीही लिहिली तरी एंटर दाबणारा हात आपलाच असतो. 'सुडो' या शब्दानें आरंभ होणारी आज्ञा तर यंत्रावरील सर्व अधिकार हातीं देते. अर्थ न समजतां ती उतरविणें म्हणजे न वाचलेल्या कागदावर सही करणें होय.

तेव्हां पालकांनीं मुलांस 'किती आज्ञा पाठ झाल्या?' असें विचारूं नये. 'ही आज्ञा दिल्यास काय होईल, तें आधीं सांग', एवढेंच विचारावें. ज्या मुलास हें सांगतां येतें, त्याच्या हातीं यंत्र निर्धास्तपणें द्यावें.